‘लहान आहे हो तो’ म्हणणाऱ्या आई-बाबांना

भिवंडी आणि आसपासच्या गावांतून सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन फिरायला निघणाऱ्या सर्व आई-बाबांना,



मी तुमच्यातलाच एक. कामतघरला राहतो, एका गोदामात सुपरवायझर आहे. आठवड्यातून एक सुट्टी मिळते आणि ती माझ्या सहा वर्षांच्या लेकीची असते. कधी वऱ्हाळदेवी तलावाकडे चक्कर, कधी वज्रेश्वरी-अकलोली, कधी मराडे पाड्याचं शिवरायांचं मंदिर, आणि वर्षातून एखाद्या वेळी कल्याणहून लोकल धरून भायखळ्याची राणीची बाग. तुम्ही जाता तिथेच आम्हीही जातो, तेव्हा आपण एकमेकांना कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. जे पाहिलं त्याबद्दलच आज लिहितोय.

गेल्या महिन्यात एका बागेत घसरगुंडीपाशी रांग लागली होती. माझी लेक आठवी. ऊन चढलेलं, घसरगुंडीचा पत्रा तापलेला, तरी ती चपला हातात घेऊन शहाण्यासारखी उभी होती. पुढे सरकत सरकत तिच्यापुढे दोघंच उरले. तेवढ्यात एक गृहस्थ आले, आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी काखेत धरून उचललं आणि थेट शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवलं. रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “अहो, रांग आहे इथे.” ते म्हणाले, “लहान आहे हो तो. जाऊ द्या ना.” त्या रांगेत त्याच्याहून लहान असलेली निदान चार मुलं उभी होती. मुलगा घसरून खाली आला, बाबांनी पुन्हा तसाच उचलून वर ठेवला. माझ्या लेकीनं माझा हात ओढला आणि हळूच विचारलं, “बाबा, मग आपण कशाला उभे आहोत?”

मला उत्तर सुचलं नाही. ‘रांग असली की उभं राहायचं असतं’ असं काहीतरी म्हणालो. तिला ते पटलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या प्रश्नानं मला महिनाभर छळलंय, म्हणून हे पत्र.

त्या मुलाचा मला राग आला नाही, हे आधी सांगतो. वर बसल्यावर त्यानं एकदा खाली रांगेकडे पाहिलं होतं. आपण मध्ये घुसलो हे त्याला कळलं होतं. त्याला जे आपसूक कळलं होतं, ते त्याच्या बाबांनी एका वाक्यात पुसून टाकलं. ‘लहान आहे’ हे कारण त्याच्या बाजूनं दिलं, पण त्यातून तो शिकला ते एवढंच की आपल्या पाठीशी मोठं माणूस असलं की इतरांनी थांबायचं.

आपल्या मुलांनी दंगा करू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची वस्ती सात लाखांच्या वर गेली होती. चाळी, लूमचे कारखाने, गोदामं, रस्त्यावर कंटेनर आणि ट्रक. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, दाराबाहेर पाऊल टाकलं की रिक्षा. सहा दिवस अशा जागेत कोंडलेलं पोर सातव्या दिवशी मोकळ्यावर आलं की उधळणारच. त्यानं धावावं, मातीत लोळावं, आरडाओरडा करावा. आवाजाचंही मी समजू शकतो. माझे वडील पॉवरलूमवर होते. कारखान्यात लूमच्या खटखटाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, खुणांनी आणि ओठ बघून बोलावं लागतं. ते घरी आले तरी मोठ्यानंच बोलायचे. बाहेरच्या एखाद्याला वाटायचं, भांडतायत. मुलांच्या आवाजाला, धावण्याला नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूनं मी हे लिहीत नाहीये. मी लिहितोय ते मुलांबरोबर असलेल्या मोठ्यांना.

पहिली विनंती रांगेची. थांबणं मुलाला आपोआप येत नाही, ते शिकवावं लागतं आणि शिकवलं की येतं. आपल्याच या किनाऱ्यावर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला, १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. या मंडळींनी ज्या मॉन्टेसरीबाईंच्या विचारातून प्रेरणा घेतली, त्यांच्या पद्धतीत एक साधी गोष्ट आहे: वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवायचं. ठोकळ्यांचा मनोरा एकच. दुसऱ्या मुलाचं काम पुरं होऊन त्यानं तो जागेवर ठेवेपर्यंत आपण थांबायचं. पैसे नसतात म्हणून एकच, असं नाही. थांबता यावं म्हणून मुद्दाम एकच. आपल्या बागेतली एकुलती एक घसरगुंडी आणि दोन झोपाळे म्हणजे तोच वर्ग आहे, फक्त बाई नाहीत. बाईंचं काम आपल्याला करायचंय.

आणि ते अवघड नाही. ‘तुझ्यापुढे किती जण आहेत, मोज’ एवढं सांगितलं तरी मूल कामाला लागतं. झोपाळ्यावर बसवताना ‘वीस झोके, मग त्या ताईला’ असं आधीच ठरवलं तर उतरताना रडारड निम्मी होते. आधीच ठरवलं तर, हं. वीस झोके संपल्यावर अचानक ओढून काढलं तर ते रडणारच, आणि तिथे चूक आपली.

मराडे पाड्याच्या शिवमंदिराचं लोकार्पण मार्च २०२५ मध्ये झालं. किल्ल्यासारखी तटबंदी, बुरूज, आणि शिवचरित्रातले प्रसंग शिल्पांतून मांडलेले. तिथे मी एका बाईंना पाहिलं. दोन मुलं बरोबर, रांग लांबलचक. त्या मुलांना सांगत होत्या, “घोडा किती ठिकाणी आहे ते शोधा. हात लावायचा नाही, बोटानं लांबून दाखवायचं.” पाऊण तास दोन्ही मुलं रांगेत होती आणि एकदाही ‘कधी पोचणार’ म्हणाली नाहीत. त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं. ताई, हे वाचत असाल तर तुमचे आभार. तो खेळ आता आम्हीही खेळतो.

आता गरम पाण्याच्या कुंडांकडे येतो, कारण तिथे माझा जीव जास्त तुटतो.

वज्रेश्वरीचं देऊळ आपल्याच तालुक्यातलं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला जिंकल्यावर तो फेडला, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. बावन्न पायऱ्या चढून दर्शन घ्यायचं आणि मग तानसेच्या काठी अकलोलीला नाहीतर गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं, हा आपल्याकडच्या किती घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. जमिनीतून येणारं हे पाणी. गुडघे धरलेली माणसं, कातडीचा त्रास असलेली माणसं लांबून लांबून मोठ्या आशेनं इथे येतात.

अशाच एक आजी हिवाळ्यात सकाळी कुंडाच्या पायरीवर बसल्या होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, दोन्ही पाय पाण्यात, डोळे मिटलेले. बाजूला सुनेनं ठेवलेली पितळेची तपेली. त्या तपेलीनं त्या मधूनमधून गुडघ्यावर पाणी ओतून घेत होत्या. मग एक कुटुंब आलं. दोन मुलांनी काठावरून धावत येऊन पाण्यात उड्या मारल्या. आजी चिंब भिजल्या, पाणी डोळ्यांत गेलं. मुलांचे बाबा मोबाईल धरून शूटिंग करत होते. म्हणाले, “अजून एकदा, नीट आलं नाही.” पोरांनी पुन्हा उडी मारली. आजींनी पदरानं तोंड पुसलं, तपेली उचलली आणि सुनेच्या खांद्याला धरून हळूहळू निघून गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. ज्यांनी बोलायला हवं होतं त्यात मीही होतो, आणि मीही बोललो नाही.

दादा, उडी मारायला तानसेचं पात्र आहे, वॉटर पार्क आहेत. कुंड हे बसायचं पाणी आहे. त्यात शाम्पूची पुडी फोडू नका, बाळाचे कपडे पिळू नका. जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांवर आधी बाहेर अंग स्वच्छ धुतात आणि मगच कुंडात उतरतात. लहान मुलांनाही तेच पहिल्यांदा शिकवतात. आपल्याला हे नवं नाही. गावाकडे बाहेरून आलं की पायांवर पाणी घेतल्याशिवाय आजी ओटी ओलांडू देत नसे. तीच सवय कुंडावर आणायची आहे.

त्यातही एक गोष्ट मला बघवत नाही. तीन वर्षांचं पोर गरम पाण्याला घाबरून रडतंय आणि बाबा ‘काही होत नाही, उतर’ म्हणत त्याला दंडाला धरून ओढतायत. लहान मुलांची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आपल्याला कोमट वाटणारं पाणी त्याला चटका देऊ शकतं. काही कुंडांत तर मोठ्यांनाही पटकन पाय घालवत नाही. बाळाला न्हाऊ घालताना आपल्या आया पाण्यात कोपर बुडवून बघायच्या, तेवढं तरी करा. आणि तरीही नको म्हणाला तर नको. तो काठावर बसून पायाची बोटं बुडवेल, पुढच्या वर्षी उतरेल.

फोटोबद्दल ताई-दादा दोघांनाही सांगतो. कुंडावर आपल्या बाळाचा व्हिडिओ घेताना मागे दुसऱ्याची आई-बहीण ओलेत्यानं उभी असते. ती त्या व्हिडिओत येते, स्टेटसवर जाते, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते. तिला कुणी विचारलेलं नसतं. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो काढण्याआधीही त्याच्या आईला विचारा, तो कितीही गोड दिसत असला तरी. कुंडाजवळ फोन पिशवीत ठेवा, एवढीच विनंती.

आणि डायपर. हा शब्द पत्रात लिहिताना संकोच वाटतो, पण कुंडाच्या भिंतीमागे, झाडाच्या बुंध्याशी ते पडलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. घरून निघताना दोन जुनी वर्तमानपत्रं आणि एक पिशवी घेतली की काम होतं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही नीट गुंडाळून डब्यात टाका असंच सांगितलं होतं. डबा सापडला नाही तर घरी परत. बाळ आपलं, तर त्याचं हेही आपलंच. सकाळी झाडू मारणाऱ्या मावशींचं ते नाही. त्यांनाही घरी मुलं आहेत.

राणीच्या बागेत गर्दी वेगळी आणि दंगाही वेगळा. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून तिथे आठ पेंग्विन आणले आणि २०१७ च्या मार्चमध्ये लोकांना बघायला खुले केले, तेव्हापासून भिवंडीची मुलंही पेंग्विनचा हट्ट धरून असतात. हम्बोल्ट पेंग्विन मुळात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणून त्यांना काचेआड गार हवेत ठेवावं लागतं. त्या काचेवर नाणं आपटणारे मोठे लोक मी पाहिलेत. मूल आधी नुसतं नाक चिकटवून बघत होतं. बाबा म्हणाले, “मार काचेवर, मग तो आपल्याकडे बघेल.” माकडांपुढे वेफर्स टाकणारी, झोपलेल्या वाघाला हाका मारणारीही मोठी माणसंच असतात. प्राण्याला चिडवणं, खायला टाकणं, आवाज करून त्रास देणं याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमानं मनाई आहे, शिक्षाही आहे. पण कायद्याचा धाक घालायला मी हे सांगत नाहीये. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतो. ते मुलाला सांगा. ‘तो दमलाय, रात्री जागा असतो’ एवढं ऐकून माझी लेक तिथे दबक्या आवाजात बोलायला लागली, आणि तसं बोलण्याचाच तिला खेळ वाटला.

आता वॉचमनकाकांबद्दल. ‘हात लावू नको, ते काका ओरडतील’, ‘रडू नको, पोलीस नेईल’ असं आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणायचो. एकदा लेकीनं विचारलं, “काका जेवायला गेले की मग हात लावू?” तिचं बरोबर होतं. मीच तिला सांगितलं होतं की नियम काकांचा आहे. काका नाहीत तर नियम नाही. झाडाची फांदी का मोडायची नाही, शिल्पाला हात का लावायचा नाही, हे दोन वाक्यांत सांगायचा कंटाळा केला आणि एका गरीब माणसाला बागुलबुवा केलं. बारा-बारा तास उन्हात उभा राहणारा तो माणूस, आणि मुलं त्याच्याकडे भेदरून बघतात. परवा मी लेकीला त्यांना नमस्कार करायला लावलं. त्यांनी तिला कोकीळ कुठल्या झाडावर बसते ते दाखवलं.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. मूल चुकलं की चारचौघांत फाडकन मुस्कटात मारणारे आई-बाबाही आपल्यात आहेत. गर्दीसमोर मारलं की मूल गप्प होतं, पण ते लाजेनं गप्प होतं. बाजूला घेऊन जा, त्याच्या उंचीला वाका, सांगा. आणि जे बघत उभे असतात त्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे: मूल जमिनीवर लोळून रडत असेल तर त्याच्या आईकडे रोखून बघू नका. तिला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतं. ‘पाणी हवंय का ताई?’ असं विचारा. बाळाला अंगावर पाजायचं असेल तर जरा आडोसा करून द्या. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत, कुंडावर आणि बागेत आपणच पाठ फिरवून तिचा कक्ष व्हायला हवं.

आणि बाबालोकहो, हे फक्त आपल्यासाठी. सहलीला गेलेलं कुटुंब दुरून बघा कधी. आईच्या एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या खांद्यावर झोपलेलं बाळ, हातात मोठ्याच्या चपला, तोंडानं ‘तिकडे जाऊ नको’ चाललेलं. बाबा दहा पावलं पुढे, फोनवर. मूल वेडंवाकडं वागलं की लोक म्हणतात ‘आईनं वळण लावलं नाही’. बाबा कुठे होते, हे कुणी विचारत नाही.

मी कुठे होतो ते सांगतो. अकलोलीला, दोन वर्षांपूर्वी. बायको कपडे बदलायला गेली होती, लेक माझ्याजवळ होती. गोदामातून मेसेज आला, गाडी अडकली होती. मी मान खाली घालून उत्तर टाईप करत होतो. शेवाळलेल्या पायरीवरून लेकीचा पाय सटकला. मी मान वर केली तेव्हा एका अनोळखी ताईंनी तिचा फ्रॉक मागून मुठीत धरलेला होता आणि लेक पाण्यावर अर्धी लोंबकळत होती. त्यांचं स्वतःचं मूल कडेवर होतं. त्यांनी लेकीला वर घेतलं, माझ्या हातात दिलं, मला एक शब्द बोलल्या नाहीत. मला बोलायला हवं होतं त्यांनी. फ्रॉकची ती शिवण उसवली होती. बायकोनं ती शिवली, पण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं, आणि अजून तो फ्रॉक कपाटात आहे.

तेव्हापासून पाण्याजवळ माझा फोन बंद असतो. गोदामात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

घसरगुंडीजवळच्या त्या बाबांना शेवटचं लिहितो. मी त्या दिवशी गप्प बसलो, ते चुकलं. तुमच्याजवळ येऊन ‘भाऊ, त्यालाही रांगेत उभं करू या, माझ्या मुलीशी गप्पा मारेल तो’ असं म्हणायला हवं होतं. लेकीच्या प्रश्नाचं तेच उत्तर झालं असतं. येत्या रविवारी सकाळी आम्ही त्याच बागेत येतोय, ऊन चढायच्या आत. मुलाला घेऊन या. रांगेत माझ्या लेकीच्या मागची जागा त्याची.

आपला,
एका सहा वर्षांच्या मुलीचा बाप
कामतघर, भिवंडी